मशीन चालू करण्याआधी : कोल्हापुरात झाडछाटणीचा धंदा सुरू करणाऱ्यांसाठी

उन्हाळ्यात एकदा वळीव झोडपून गेला की माझा फोन दोन दिवस थांबत नाही. दारातला गुलमोहर वाकलाय, फांदी तारेवर आलीय, शेजारी भांडायला उठलाय, आजच्या आज या. त्याच दोन दिवसांत शहरात चार-पाच नवी पोरं मशीन, म्हणजे पेट्रोलवरची चेनसॉ करवत, घेऊन या धंद्यात उतरलेली दिसतात. दिवाळीपर्यंत त्यातलं एखादंच टिकतं. बाकीच्यांपैकी कुणाचं मशीन पंचनाम्यात अडकलेलं असतं, कुणाचा पाय प्लॅस्टरमध्ये असतो, कुणी गिऱ्हाइकाकडे पैशासाठी हेलपाटे घालत असतो.

मी २००९ पासून हे काम करतो. फांद्या कापायला माणूस महिनाभरात शिकतो. कुठली कापायची नाही, कुणाला आधी विचारायचं आणि किती पैसे सांगायचे, हे शिकायला मला पाच वर्षं लागली. म्हणून हे सगळं मशीनला दोरी मारण्याआधीचं जास्त आणि नंतरचं कमी आहे.

एक हंगाम दुसऱ्याच्या हाताखाली

फेब्रुवारी ते मे असे चार महिने कुणातरी जुन्या माणसाकडे हेल्पर म्हणून जा. हजेरी मिळेल ती घ्या. पाला ओढायचा, दोर धरायचा, ओंडके छोट्या हत्तीत (छोट्या टेम्पोत) चढवायचे, एवढंच काम मिळेल. तेच पाहिजे. वरचा माणूस कुठे चुकतो ते खाली उभं राहिल्यावरच दिसतं.

दोराचं काम मात्र मी झाडावर शिकलोच नाही. पन्हाळा-विशाळगडाकडे ट्रेकला जाणारी, कड्यावरून दोराने उतरणारी पोरं कोल्हापुरात पेठापेठांत आहेत. त्यांच्याकडे दोन-तीन रविवार काढले. निरगाठ आणि सुरगाठ यातला फरक घरी शेळी बांधताना कळतो. वीस फुटांवर लटकताना तो हातालाच माहीत असावा लागतो. डोळे मिटून गाठ मारता आली की समजायचं, आली.

झाड बघायला जाताना मशीन घरी ठेवा

फोनवर दर सांगू नका. "एक छोटंसं झाड आहे" असं म्हणणाऱ्याच्या दारात मी चाळीस फुटी रेन ट्री पाहिलाय. बघायला जाताना टेप, वही आणि लाकडी हातोडी एवढंच न्यावं. मशीन सोबत असलं की गिऱ्हाईक म्हणतं, "आलाच आहात तर घ्या उरकून," आणि आपणही उरकतो. माझी पहिल्या दोन वर्षांतली निम्मी नुकसानं या एका वाक्याने झाली.

सुरुवात बुंध्यापासून करा. पेव्हिंग ब्लॉक किंवा काँक्रीट अगदी खोडाला टेकवून घातलंय का? तसं असेल तर मुळांचा गळा आवळलेला असतो. बुंध्याशी कानाच्या आकाराची बुरशी उगवलीय का? भुशाची ढिगोळी दिसतेय का? ती भिरुडाची, म्हणजे खोड पोखरणाऱ्या किड्याची खूण. झाड एका बाजूला कललं असेल तर उलट्या बाजूला जा आणि जमीन बघा. तिथे माती उचललेली किंवा ताजी भेग असेल तर त्या झाडावर चढायचं नाही. वर्षानुवर्षं कललेलं झाड वेगळं, त्याचा शेंडा परत सरळ वर वळलेला असतो. हातोडीने खोडावर टकटक करत एक फेरी मारा. भरीव लाकडाचा आवाज आणि पोकळ ढोलीचा आवाज यातला फरक दहा झाडांनंतर कानाला बसतो.

मग बेचकं. दोन जाड फांद्या चिमट्यासारख्या अरुंद कोनात वर गेल्या असतील आणि मधली साल आत दुमडली गेली असेल, तर तो जोड वरून धडधाकट दिसतो पण आतून चिकटलेला नसतो. वळवाच्या वाऱ्यात पहिल्यांदा तोच फाटतो.

झाडांचे स्वभाव ओळखीचे करून घ्या. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. मुळं उथळ, लाकूड ठिसूळ, फुलं देखणी. आपल्या वळवाशी त्याचं कधी जमलंच नाही. रेन ट्रीच्या फांद्या आडव्या लांब जातात आणि त्यांचं वजन खालून कळत नाही. शेवग्याच्या फांदीवर पाय ठेवायचाच नाही. खालून ती जाडजूड दिसते आणि न सांगता मोडते. आंब्याचा चीक अंगावर उततो. जांभूळ ओलं असलं की पायाखाली टिकत नाही. रमणमळा, बापट कँप, दुधाळी या बाजूला काम असेल तर आणखी एक प्रश्न विचारा : २०१९ आणि २०२१ च्या पुरात या झाडाखाली पाणी किती दिवस होतं? वरून हिरवंगार दिसणाऱ्या झाडाचं मूळ पाण्यात कुजलेलं असू शकतं, आणि पाडताना ते आपल्या हिशेबाने न पडता त्याच्या हिशेबाने पडतं.

हे सगळं झालं की घरमालकाला विचारा, "का तोडायचंय?" याला लोक आधी चिडतात. पण उत्तर ऐकण्यासारखं असतं. पाला शेजाऱ्याच्या अंगणात पडतो. माडीवर अंधार येतो. गाडीवर डाग पडतात. दहापैकी सात-आठ ठिकाणी झाड पाडायची गरजच नसते. ताराबाई पार्कात एका काकूंना जांभूळ पाडायचं होतं, कारण खाली लावलेली पांढरी गाडी जूनमध्ये जांभळी व्हायची. मी पार्किंगवरच्या दोनच फांद्या काढायच्या म्हटलं. "एवढ्यानं होतंय व्हय?" असं त्या दोनदा म्हणाल्या. झालं. दर दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये त्यांचा फोन येतो, शिवाय त्यांच्या दोन भावजयांची झाडंही माझ्याकडे आली. पाडलेल्या झाडाचं बिल एकदाच होतं.

उलट मागणीही येते : "सगळं बोडकं करून टाका, पाच वर्षं बघायला नको." बोडकं केलेलं झाड कापलेल्या टोकातून झुडपासारखे फुटवे काढतं. ते सालीवरच चिकटलेले असतात, आत मूळ धरलेलं नसतं. तीन वर्षांत ते मनगटाएवढे होतात आणि मोडायला लागतात, तोवर खाली खोड कुजायला लागलेलं असतं. एका वेळी हिरव्या पसाऱ्याचा चौथा हिस्सा, त्यापेक्षा जास्त काढू नये. गिऱ्हाईक ऐकत नसेल तर काम सोडा. दुसरा कुणीतरी करेल, करू दे.

परवानगी : "माझ्या दारातलं झाड, माझं" चालत नाही

शहरात १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. त्यात झाड तोडणं म्हणजे नुसतं बुंध्यातून पाडणं असं नाही. जाळणं, कापणं, कुठल्याही प्रकारे इजा करणं हे सगळं त्यात येतं. खोडाला भोक पाडून हिंग भरा, साल सोलून ठेवा, आपोआप वाळेल, अशी कुजबुज करणारं गिऱ्हाईक भेटतंच. त्याच्या घरचा चहासुद्धा पिऊ नका.

अर्ज घरमालकाने करायचा, आपण नाही. हे ठाम ठेवा. महापालिकेच्या उद्यान विभागाकडे वृक्ष अधिकाऱ्याच्या नावाने अर्ज, सोबत झाडाचे फोटो, घरफाळ्याची पावती किंवा प्रॉपर्टी कार्ड, आणि कारण. सोसायटी असेल तर ठराव. तोडायचं असेल तर जागेवर पाहणी होते, झाडावर नोटीस लागते, वर्तमानपत्रात जाहिरात येते, हरकती मागवतात. यात दिवस जातात, म्हणून मे महिन्यात पाडायच्या झाडाचा अर्ज जानेवारीत गेलेला बरा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष धरलं जातं आणि तोडलेल्या झाडाच्या बदल्यात त्याच्या वयाइतकी झाडं लावायची अट आली. हे ऐकल्यावर कितीतरी मालक आपणहून छाटणीवर येतात. छाटणीलाही अर्ज करायला लावा. "बारक्या फांद्या" कुठल्या आणि जाड कुठल्या, हा वाद रस्त्यावर उभं राहून घालायचा नसतो.

माझं मशीन गेलं ते असंच. तिसऱ्या वर्षी एका मालकाने सांगितलं, परवानगी आहे. मी कागद बघितला नाही. दोन फांद्या खाली आल्या आणि शेजाऱ्याने फोन केला. मालक आत जाऊन बसला. दारात मशीन घेऊन उभा होतो मी. मशीन परत मिळायला अख्खा उन्हाळा गेला. तेव्हापासून परवानगीचा कागद हातात घेऊन वाचतो, त्यातली झाडांची संख्या, तारीख आणि "छाटणी" लिहिलंय की "तोड" हे बघतो, मोबाइलमध्ये फोटो काढतो, आणि मगच हेल्परला दोर काढायला सांगतो.

हद्दीचं भान ठेवा. कोल्हापूरच्या हद्दवाढीचा वाद किती जुना आहे ते इथल्या पोरासोरांना माहीत आहे, पण कामावर त्याचा अर्थ असा की रस्त्याच्या अलीकडचं घर महापालिकेत आणि पलीकडचं ग्रामपंचायतीत. उचगाव, पाचगावकडे काम आलं की आधी विचारा, घरफाळा कुठे भरता? शहराबाहेर खासगी जमिनीवरच्या झाडांना १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, जांभूळ, चिंच, साग, हिरडा, मोह, खैर, ऐन, किंजळ अशी झाडं येतात. ती तोडायची तर वनखात्याची वाट धरावी लागते, आणि लाकूड हलवायला वाहतूक पास लागतो का तेही तिथेच विचारायचं. चंदन दिसलं तर मालकाला सांगून मागे फिरा. चंदनाच्या झाडाजवळ करवत घेऊन उभं राहण्याची किंमत आपल्याला परवडत नाही.

झाड रात्री वाऱ्यात पडून रस्ता अडला असेल तर ते अग्निशमन दलाचं काम. बोलावलं तरच जा, आणि कुणी बोलावलं ते लिहून ठेवा. गणपतीच्या आधी मंडळांचे कार्यकर्ते रात्री दहाला फोन करतात, "मूर्ती उंच हाय, मिरवणुकीच्या वाटेवरच्या फांद्या तेवढ्या मारून द्या भावा." मी हात जोडतो. रस्त्यावरचं झाड महापालिकेचं, सांगायचं तर त्यांनीच सांगावं.

तार

तारेला लागलेली किंवा तारेवर पडू शकेल अशी फांदी असेल तर महावितरणला कळवल्याशिवाय आणि पुरवठा बंद झाल्याशिवाय हात लावायचा नाही. १९१२ वर फोन करता येतो, पण मी मालकाला जवळच्या शाखा कार्यालयात अर्ज द्यायला लावतो आणि वेळ ठरवून घेतो. ओली फांदी वीज वाहते. ॲल्युमिनियमची शिडी आणि आकडीचा लोखंडी पाइप त्याहून चांगली वाहतात.

नव्या पोरांना न सुचणारी गोष्ट : लाइट गेली म्हणजे तार मेली असं नाही. कुणाच्या तरी घरचा जनरेटर चुकीचा जोडलेला असला तर तारेत उलटी वीज येते. लाइनमन तिथे येऊन, तपासून, "आता चढ" म्हणाला, की चढायचं. "सायेब, बंद हाय की, पंखा थांबलाय," या घरमालकाच्या शब्दावर नाही.

सामान

बाजारात ५८ सीसी लिहिलेलं स्वस्त मशीन मिळतं आणि नवा माणूस तेच उचलतो. जमिनीवर ओंडके तोडायला ते चालेल. झाडावर नेऊ नका. जड असतं आणि बऱ्याच मशीनचा चेन ब्रेक, म्हणजे फिरती चेन जागेवर थांबवणारा ब्रेक, महिनाभरात नावाला उरतो. १६ इंची पट्टीचं (जिच्यावरून चेन फिरते ती), चेन ब्रेक खाडकन बसणारं, सुटे भाग कोल्हापुरात मिळणारं मशीन घ्या. पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला टेकला की मशीन उसळून तोंडाकडे येतं. ते डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. म्हणून दोन्ही हात, अंगठा मुठीखाली, आणि खांद्याच्या वर मशीन कधीही नाही.

पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मशीनच्या पुस्तकात दिलंय त्याच प्रमाणात. ५०:१ असेल तर लिटरला २० मिली. अंदाजपंचे ओतू नका. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं. पावसाळ्यात मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करा, नाहीतर ऑक्टोबरमध्ये कार्बोरेटर उघडायला पैसे मोजाल. चेनला धार आहे की नाही हे खाली पडणाऱ्या भुशावरून कळतं : ढलप्या पडत असतील तर ठीक, पीठ पडायला लागलं की गोल कानस काढा. बोथट चेन दाबून चालवणारा माणूसच कापून घेतो.

खर्च कुठे करायचा आणि कुठे वाचवायचा, याबद्दल माझं मत पक्कं आहे. आपलं वजन ज्यावर असतं ते विकतचं, शिक्का असलेलं घ्या : बसायचा पट्टा, चढायचा दोर, कॅराबिनर (दोर अडकवायची कडी). कडीवर ती किती ताण सोसते त्याचा किलोन्यूटनमधला आकडा छापलेला असतो, २२ च्या खालचा घेऊ नका. पिवळा प्लॅस्टिकचा दोर उन्हाने कडक होतो आणि न सांगता तुटतो. तो पाला बांधायला. फांदीचं वजन ज्यावर असतं त्यातलं काही मात्र उद्यमनगरात, शहरातल्या वर्कशॉपांच्या वसाहतीत, करून घेता येतं. मी जाड पाइपच्या तुकड्याला दोन आडव्या खुंट्या वेल्ड करून घेतल्या. तो बुंध्याला पट्ट्याने आवळायचा, दोराचे त्यावर दोन-तीन वेढे घ्यायचे, की दोन गड्यांना न पेलणारी फांदी एक पोरगं हळूहळू खाली सोडतं. खुंट्यांच्या कडा घासून गोल करून घ्या, नाहीतर दोर कुरतडतो. सोमवारी उद्यमनगर बंद, त्यामुळे रविवारी मोडलेलं मशीन मंगळवारपर्यंत घरी.

हेल्मेट, चष्मा, कानाला मफ, बोटं झाकणारे बूट. मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. माझ्या गुरूला आता फोनवर बोललेलं नीट ऐकू येत नाही, म्हणून हे लिहितोय.

दोर, हेल्पर आणि दोन शब्द

एकट्याने झाडावर जायचं नाही. एक हेल्पर दोरावर, एक रस्त्याकडे बघायला. दुचाकीवाले फांदी पडताना वेग वाढवून निघून जातात, थांबत नाहीत. बांबू आडवा धरायला माणूस लागतोच.

मशीनच्या आवाजात वरून ओरडलेलं खाली अर्धंच पोचतं. एकदा मी वरून "ओढ!" म्हणालो आणि खालच्या पोराला ऐकू आलं "सोड!" त्याने इमानदारीत सोडला. नशिबाने खाली बोगनवेल होती. तेव्हापासून आमच्यात हे दोन्ही शब्द बंद. दोर सैल करायचा तर "ढील", घट्ट करायचा तर "ताण". आणि खालून उलटा ओरडून सांगितल्याशिवाय वरच्याने कापायचं नाही. तुमचे शब्द तुम्ही ठरवा, पण पहिल्या फांदीआधी ठरवा.

दुसरा धडा महागात पडला. रुईकर कॉलनीत गच्चीवर झुकलेली रेन ट्रीची फांदी होती, पंधरा-सोळा फूट लांब. मी दोर खोडाकडच्या जाड बाजूला बांधला, कारण तिथे हात पोचत होता. कापल्याबरोबर शेंड्याकडचा भाग खाली गेला, फांदी दोराभोवती फिरली, आणि तिच्या शेंड्याने गच्चीवरच्या सोलर हीटरच्या नळ्यांवरून हात फिरवावा तसं केलं. सगळ्या नळ्या एकामागोमाग एक फुटल्या. त्यांचा आवाज अजून कानात आहे. त्या कामाची मजुरी गेली, वर महिन्याभराची कमाई गेली. फांदीचा तोल जिथे सांभाळला जातो त्या जागी, म्हणजे बहुतेक वेळा पाल्याकडे सरकून, दोर बांधायला हवा होता. हात पोचत नसेल तर आकडीने पोचवायचा, आणि तेही जमत नसेल तर फांदी शेंड्याकडून तुकड्या-तुकड्याने आणायची. वेळ लागतो. नळ्यांपेक्षा स्वस्त पडतो.

आणि मशीन वापरताना स्वतःला दोन ठिकाणी बांधा. चढायचा दोर एक, आणि खोडाभोवती दुसरा आखूड पट्टा. मशीनला लाकूड आणि दोर यातला फरक कळत नाही.

काप

जाड फांदीला तीन काप. खोडापासून हातभर अंतरावर खालून तिसरा हिस्सा कापायचा. मग त्याच्या थोडं पुढे वरून. फांदी सुटून पडते आणि साल खाली खोडापर्यंत सोलत जात नाही. उरलेला खुंट तिसऱ्या कापात काढायचा. फांदी खोडाला मिळते तिथे सालीची फुगीर कड असते, गळपट्टीसारखी. तिच्या बाहेरून कापायचं. ती कड राहिली तर झाड स्वतःच जखमेभोवती नवी साल आणून तोंड बंद करतं. खोडाला घासून कापलंत तर जखम मोठी होते, आणि वीतभर खुंट ठेवलात तर तो वाळून आत कुजतो. जखमेवर ऑइलपेंट किंवा डांबर फासण्याचे पैसे काही जण वेगळे लावतात. त्याने झाडाला काही मिळत नाही. मी फासत नाही.

शहरात उभं झाड एका घावात पाडायला जागा क्वचितच मिळते. वरून उतरवतच यावं लागतं. शेतावर मोकळी जागा मिळाली तर पडायच्या बाजूला बुंध्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढी खाच, मागून काप, आणि मध्ये न कापता ठेवलेली पट्टी, जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी. ती पट्टी म्हणजे दाराची बिजागरी, तीच झाडाला वळवते. पूर्ण कापली की झाड कुठेही जातं. निघून जायची वाट मागे तिरकी, आधीच पाला काढून मोकळी. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरं कुणी नको. शेतमालक हौसेने व्हिडिओ काढायला जवळ येतो, त्याला आधी लांब बसवा.

मोहोळ, घरटी, औदुंबर

आग्या मोहोळ असलेल्या झाडावर मशीन चालू करणं म्हणजे काय ते मी एकदाच पाहिलंय, लांबून. पोरगं वाचलं, पण आठ दिवस दवाखान्यात होतं. झाड बघायला जाता तेव्हाच दुपारच्या उन्हात दोन मिनिटं वर बघत थांबा. माश्यांची ये-जा दिसते. मोहोळ असेल तर ते काढणाऱ्या जाणकाराला आधी बोलवायचं, नाहीतर माश्या आपणहून उठेपर्यंत थांबायचं. ढोलीत हात घालण्याआधी काठी घाला.

घरटी असतील, अंडी किंवा पिल्लं असतील तर फांदी राहू द्या. बगळ्यांची वसाहत पावसाळ्यात भरते आणि खाली राहणाऱ्यांना वासाचा त्रास होतो हे खरं. पण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आपल्या गैरसोयीपेक्षा मोठा आहे. पिल्लं उडून गेल्यावर या, असं सांगा.

नरसोबाच्या वाडीच्या जिल्ह्यात आपण काम करतो, औदुंबराला हात लावायला हेल्पर तयार होत नाही. वड-पिंपळालाही कचरतात. हसू नका आणि जबरदस्तीही करू नका. मालकाला नारळ फोडायला सांगा, गड्यांना थोडा वेळ द्या. भ्यालेला माणूस दोरावर नको.

पैसे

दर झाडाच्या उंचीवर सांगू नका, दिवसांवर आणि अडचणीवर सांगा. दोन गड्यांची हजेरी, टेम्पोच्या खेपा, पेट्रोल-ऑइल, चेनची झीज, बघायला गेलेला वेळ, आणि स्वतःची मजुरी वेगळी. नवा माणूस शेवटची दोन धरतच नाही. खाली मोकळं अंगण असलेलं झाड आणि खाली पत्र्याची शेड, गाडी, सोलर असलेलं तेवढंच झाड, यांच्या दरात दुपटीचा फरक असला तरी तो योग्य आहे.

"दोन तासांचं तर काम, एवढे कसले?" हे ऐकावं लागेल. मी वाद घालत नाही. कागदावर लिहून देतो : कुठल्या फांद्या, तुकडे कितीचे, पाला कोण उचलणार, लाकूड कुणाचं, झाडणं आमचं की तुमचं. वादाची खरी जागा पालाच असते. कापायला दोन तास आणि पाला हलवायला चार, हे कुणाला खरं वाटत नाही. निम्मे पैसे काम सुरू होताना, उरलेले अंगण झाडून झाल्यावर लगेच, तिथेच. "उद्या जीपे करतो" म्हणणाऱ्यांची माझ्याकडे एक जुनी यादी आहे.

"लाकूड तुम्हीच घ्या, मजुरी मागू नका," ही ऑफर नव्या माणसाला गोड वाटते. कुठलं लाकूड ते बघा. गुलमोहर म्हणजे जळण, तेही हलकं. नीलगिरीच्या सरळ बल्ल्या सेंट्रिंगवाले घेतात. आंबा पॅकिंगच्या पेट्यांना जातो. सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक चिंचेच्या बुंध्याला आहे : मटणाच्या दुकानात तोडायला ठेवतात तो ओंडका चिंचेचा लागतो, कारण त्याचा चुरा मटणात येत नाही. कोल्हापुरात मटणाची दुकानं किती आहेत ते सांगायला नको. चिंचेचा जाड बुंधा मिळाला की मी वखारीत जाण्याआधी ओळखीच्या दुकानदारांना फोन करतो. मात्र बुंध्यात कुणीतरी पूर्वी ठोकलेला खिळा किंवा नाल नाही ना, हे बघून मगच कापा; घोड्याच्या नालाने माझ्या दोन चेन खाल्ल्यात. पाला शेळ्यावाल्यांना द्या. सुबाभूळ, वड, उंबर, फणस सांगून ठेवला तर ते स्वतः येऊन नेतात आणि टेम्पोची एक खेप वाचते.

कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी फुकट होते, सोसायट्या बिल मागतात तेव्हा उपयोगी पडते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला २० रुपये बँक खात्यातून जातात आणि अपघाती मृत्यूला किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाखांचं संरक्षण असतं. आपलंही आणि प्रत्येक हेल्परचंही सुरू आहे का ते मे संपायच्या आत बघा, कारण वर्ष १ जूनला बदलतं. दोन लाखांत काही भागत नाही, म्हणून वेगळा अपघात विमाही घ्या आणि फॉर्मवर धंदा खरा लिहा. "शेती" लिहिलेल्या माणसाचा दावा झाडावरून पडल्यावर अडतो. गाडीत प्रथमोपचाराची पेटी, त्यात रक्त दाबून धरायला जाड पट्ट्या, आणि हेल्परला १०८ आणि कामाच्या जागेचा पत्ता तोंडपाठ. मोठी जखम असेल तर थेट सीपीआर, म्हणजे शहरातलं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय, वाटेत दुसरीकडे थांबायचं नाही.

वही

मी गिऱ्हाइकांची वही ठेवत नाही, झाडांची ठेवतो. घरं विकली जातात, भाडेकरू बदलतात, झाड तिथेच असतं. एका झाडाला एक पान : जागा, जात, बुंध्याचा घेर, काय कापलं, कुठे भेग दिसली, पुन्हा कधी बघायचं. मागच्या आठवड्यात उघडलं ते पान असं आहे : "नागाळा पार्क, रेन ट्री, घेर ९ फूट ४ इंच. उत्तरेच्या बेचक्यात भेग, पोस्टकार्ड आत जातं. फांदी हलकी केली. वळवानंतर परत बघणे." काल पाऊस झाला. उद्या सकाळी सातला तिथे जायचंय, टेप आणि पोस्टकार्ड घेऊन.